ट्रेलरची बॅटरी रात्रीत का उतरते?

अमेरिकेतले आपले नातेवाईक सुट्टीत राहण्याचा ट्रेलर घेऊन निघतात, आणि सकाळी बघावं तर दिवेच लागत नाहीत. आम्ही सांगू, आधी मल्टीमीटर लावा. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर 12 व्होल्टची भरलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. 12 दिसले तर निम्म्याहून जास्त संपली समजा. आकडा ठीक असेल तर टर्मिनलवरचा गंज, ढिली वायर बघा. सगळं बंद असूनही उतरतेय? मग निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर अँपिअरवर जोडा (पंप चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल) आणि ट्रेलरचे फ्यूज एकेक काढा. ज्याने आकडा घसरला, चोर तिथेच! बरेचदा रेडिओ नाहीतर गॅस अलार्म निघतो. आत मुलंबाळं झोपणार असतील तर अलार्मचा फ्यूज आधी परत बसवा, बॅटरी उतरली तर उतरू द्या.