बीपी मोजल्याशिवाय कळत नाही, अन् एकदा मोजून भागत नाही

बोरी अरब (ता. दारव्हा) : "मले काही होतच नाही, मग बीपी कायले मोजू?" आपल्या भागात हे कोणत्याही पारावर ऐकायला मिळतं. पण बीपीची खरी अडचण हीच आहे की त्रास होत नाही. वरचा आकडा 170 असलेला माणूस दिवसभर डवरा हाकतो, संध्याकाळी दोन भाकरी खातो अन् निवांत झोपतो. डोकं दुखलं किंवा चक्कर आली म्हणजेच बीपी, हा समज चुकीचा आहे. पुष्कळांना पहिल्यांदा कळतं ते लकवा मारल्यावर, नाहीतर किडनी खराब झाल्यावर.

हा शहरातल्या टेन्शनवाल्यांचा आजार आहे, असंही समजू नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांचा अन् 21 टक्के बायांचा बीपी वाढलेला किंवा त्यासाठी गोळी सुरू असलेली आढळली.

बीपीचे आकडे दोन असतात. हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा, सैल होतं तेव्हाचा खालचा. ठिबकच्या नळीत दाब जास्त झाला की कच्च्या जोडावर फुटते, तसंच मेंदूतल्या बारीक नसांचं होतं. साधारण 120/80 च्या आत असलेलं बरं. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140/90 किंवा वर येत असेल तर उच्च रक्तदाब समजतात. दोन्हीपैकी एकच आकडा वर असला तरी तो धरायचा. 180/120 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर थांबूच नका.

मोजायचीही पद्धत आहे. बाजारातून पायी आले अन् लगेच हात पुढे केला तर आकडा वाढलेलाच येणार. चहा, बिडी किंवा खर्रा झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लघवी लागली असेल तर आधी करून या. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर ठेवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीवर टेकवा अन् मोजताना बोलू नका. एका मिनिटानं पुन्हा मोजा. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं तेवढं भरवशाचं नसतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. मोजणारे बरेच सापडतात, कोणत्या ना कोणत्या शिबिरात एकदा मोजलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. गोळी सुरू होते, दोन महिन्यांत आकडा खाली येतो, माणूस म्हणतो "बरं झालं" अन् गोळी बंद. पेरणी आली, सोयाबीन सोंगणीला आलं, कापूस वेचायला मजूर मिळेना, की दवाखान्याची चक्कर राहूनच जाते. आकडा खाली आला तो गोळीमुळे. गोळी सोडली की तो परत चढतो, तोही गुपचूप. "एकदा सुरू झाली की सुटत नाही" म्हणून गोळीच न घेणारेही आहेत. अहो, सवय लागण्यासारखं त्यात काही नसतं. आजार लांबचा आहे म्हणून औषधही लांबचं. वजन, मीठ कमी झाल्यावर डोस घटू शकतो, पण ते डॉक्टरनं ठरवायचं.

हे गावपातळीवर जमतं, हे शेजारच्या वर्धा जिल्ह्याकडे पाहून कळतं. 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात वर्धा, भंडारा, सातारा अन् सिंधुदुर्ग हे चार जिल्हे घेतले होते. महागडं त्यात काही नव्हतं. ठरलेल्या साध्या गोळ्या, महिनाभराचं औषध एकदम, दर वेळी बीपीची नोंद, अन् जो आला नाही त्याला बोलावणं. नोंद झालेल्या रुग्णांपैकी देशात जवळपास निम्म्यांचा बीपी आटोक्यात आला अन् 2022 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे फरक पडला तो दर महिन्याच्या हजेरीनं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला 600 ग्रॅम. लोणचं, पापड, चिवड्यातलं मीठही त्यातच आलं. आपल्या घरी पुडा किती दिवसांत संपतो ते पाहा. खर्ऱ्यातल्या तंबाखूनं बीपी चढतो, दारूनंही. अन् कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी जास्त जपावं. त्यानं बीपी वाढतो अन् किडनीलाही मार बसतो.

वय 30 च्या वर असेल तर आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी अन् शुगर तपासून घ्या. आशाताईंना विचारलं तर दिवस सांगतील. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. गरोदर बाईचा बीपी मात्र प्रत्येक तपासणीत पाहिलाच पाहिजे, आई अन् बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न असतो. त्यांच्यासाठी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी तपासणी असते. गोळी सुरू असलेल्यांनी महिन्यातून एक दिवस ठरवावा अन् आकडा तारखेसह वहीत लिहावा. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच जाऊन आणाव्या.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला किंवा बोलणं अडखळलं तर 108 ला फोन करा. तेलानं मालिश करत बसू नका, तोंडात पाणी घालू नका, बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. गाठीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतात.