वाट कोणाची?

वाट ही सर्वांची, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु निरनिराळ्या गतीचे लोक एकाच वाटेवर आले, म्हणजे ती खरोखर कोणाची, हा प्रश्न उभा राहतोच. वरळी कोळीवाड्याच्या परिसराचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

मुंबईच्या सात बेटांपैकीं वरळी हें एक. वरळी व महालक्ष्मी यांच्यामधील खिंडींतून भरतीचें पाणी आंत शिरे व मधला सखल प्रदेश जलमय होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत ही खिंड बांध घालून बुजविण्यांत आली. हाच 'हॉर्नबी वेलार्ड'. आजचा लाला लजपतराय मार्ग तो हाच. बांध घातला तो पाणी अडविण्यासाठीं. पण त्यामुळें लोकांना वाटही मिळाली.

पुढें १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांना जोडणारा पूल खुला झाला. त्यापूर्वीं मधली खाडी होडींतून ओलांडावी लागे. या पुलासाठीं लेडी जमशेटजी जीजीभाई यांनीं १,५७,००० रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घेऊं नये अशी अट घातली. डोक्यावर पाटी घेऊन पायीं जाणाऱ्यालाही तो पूल गाडीवाल्याइतकाच मोकळा राहिला.

पादचारी आणि गाडी यांच्यामध्यें सायकल आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. तिची गणना कोणांत करावयाची? इंग्लंडांत पदपथावर गाडी हांकण्यास १८३५ च्या कायद्यानें मनाई होतीच. १८८८ च्या कायद्यानें सायकल ही गाडीच ठरली. पदपथावर तिला जागा राहिली नाहीं. परंतु रस्त्यावरचा तिचा हक्क मान्य झाला. पुढें मोटारी वाढल्या आणि सायकलस्वाराची स्थिति चमत्कारिक झाली : मोटारीपुढें तो दुर्बळ, पादचाऱ्यापुढें मात्र बलवान!

३० जून २००९ रोजीं वांद्रें-वरळी सागरी सेतूचें उद्घाटन झालें. सुमारें ५.६ किलोमीटर लांबीचा हा सेतु कोळीवाड्याजवळूनच जातो. त्यावर मोटारींना टोल आहे. पादचारी व सायकलस्वार यांना तर मज्जावच आहे. वेगवान मोटारींत अशांना सोडणें धोक्याचें, हें कारण खोटें नव्हे. पण सेतु आंखतांनाच त्यांच्यासाठीं निराळी वाट राखली असती, तर तें कारण उरलें नसतें. एकशें चौसष्ट वर्षांपूर्वींची ती अट येथें सहज आठवते.

किनारी रस्त्याच्या वेळीं हाच प्रश्न पाण्यावर उभा राहिला. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरांतून निघणाऱ्या होड्यांना पुलाच्या खांबांमधून ये-जा करावी लागणार होती. मूळ योजनेंत खांबांमधील अंतर ६० मीटर होतें. वाऱ्यालाटांत होडी खांबावर आदळेल, म्हणून कोळ्यांनीं अधिक अंतराचा आग्रह धरला. अखेर २०२२ च्या शेवटीं एक खांब कमी करून तें १२० मीटर करण्याचें ठरलें. मागणी याहून अधिक होती. तरी दुर्बळाच्या वाटेची रुंदी मागावी लागते, हें त्यावरून दिसलें.

याच रस्त्यालगत समुद्रकांठीं ७.५ किलोमीटर लांबीच्या विहारपथाची योजना आहे. त्याचा सुमारें ५.२५ किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२५ मध्यें खुला झाला. सेतूनें ज्यांना वगळलें, त्या पादचारी व सायकलस्वार या दोघांचीही सोय या योजनेंत आहे. आतां प्रश्न त्या दोघांमधलाच. आखलेली रेघ धांवत्या मुलाला दिसत नाहीं, आणि मागून येणाऱ्या सायकलीचा आवाज वृद्धाला ऐकूं येत नाहीं. ब्रिटनच्या वाहतूक-नियमांत जानेवारी २०२२ मध्यें एक तत्त्व समाविष्ट झालें : ज्याच्या हातून अधिक इजा होऊं शकते, त्याची जबाबदारी अधिक. समाईक वाटेवर सायकलस्वारानें पादचाऱ्यास पुढें जाऊं द्यावें, हा त्याचाच अर्थ.

कोळीवाड्याच्या अरुंद गल्लींत समोरून पाटी आली, कीं सायकलवरून उतरावेंच लागतें; तेथें जागाच नियम शिकविते. रुंद विहारपथावर जागा मुबलक. म्हणून तेथें संयम ज्याचा त्यानेंच पाळावयाचा असतो. सायकलस्वार मोटारवाल्याकडून जो विचार मागतो, तोच त्यानें पादचाऱ्यास दिला, तर वाट कोणाची, हा प्रश्न विचारण्याची वेळ येणार नाहीं.