एड्साचा रस्ता आणि दूरच्या राजधान्या

दिनांक २३ फेब्रुवारी १९८६. उपवासकाळातील दुसरा रविवार. मनिला शहराच्या एड्सा या हमरस्त्याजवळ चिलखती वाहनांचा ताफा येऊन थांबला. पुढे सरकायला वाट नव्हती. जिकडे पाहावे तिकडे माणसे होती. धर्मभगिनी हाती जपमाळ घेऊन वाहनांसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. सामान्य घरांतील स्त्रिया सैनिकांपुढे फुले आणि खाण्याचे पदार्थ धरीत होत्या. इंजिने घरघरत राहिली, पण गोळी सुटली नाही. दोनच दिवसांनी, २५ फेब्रुवारीच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी देश सोडण्यासाठी राजवाड्याबाहेर पाऊल टाकले.

या घटनेला पुष्कळजण 'चमत्कार' म्हणतात. श्रद्धावंताने तसे म्हणण्यात काही वावगे नाही. परंतु चमत्कार म्हटले की आपण हात जोडतो आणि कारणे शोधणे सोडून देतो. फिलिपाइन्सच्या त्या चार दिवसांमागे कितीतरी वर्षांची तयारी होती, आणि ती विसरणे त्या लोकांवर अन्याय करणारे ठरेल.

मार्कोस १९६५ साली निवडणूक जिंकून सत्तेवर आले. १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला. संसद बंद झाली, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, हजारो विरोधक तुरुंगात गेले. त्यांतील प्रमुख नेते बेनिग्नो अक्विनो यांनी सात वर्षांहून अधिक काळ कारावास भोगला. पुढे अमेरिकेतून स्वदेशी परतताच, २१ ऑगस्ट १९८३ रोजी, मनिलाच्या विमानतळावर त्यांची हत्या झाली. आगमनप्रसंगी वाचण्यासाठी लिहून आणलेले त्यांचे भाषण वाचायचे राहूनच गेले. निष्पापाचे स्वेच्छेने केलेले बलिदान हेच जुलमाला सर्वांत समर्थ उत्तर होय, हा गांधीजींचा विचार त्यात नमूद होता. आपल्या भूमीतील विचार तो असा समुद्रापार पोहोचला होता.

तेथील ख्रिस्तसभेचा मार्गही सरळ नव्हता. मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी अनेक वर्षे राजवटीशी 'टीका करीत सहकार्य' असे धोरण ठेवले होते. काही धर्मगुरू व धर्मभगिनी मात्र आधीपासूनच पीडितांच्या बाजूने उभ्या होत्या. १९८४ पासून जाँ आणि हिल्डेगार्ड गॉस-मायर या युरोपीय कॅथलिक दांपत्याने तेथे अहिंसेची शिबिरे घेतली. येशूसंघीय फादर होसे ब्लांको यांनी त्याच वर्षी संस्था स्थापून हे शिक्षण गावोगावी नेले. शत्रूला माणूस म्हणून कसे पाहावे, हे तेथे शिकविले जाई. रणगाड्यापुढे फूल धरणारा हात असा आधीच तयार होत होता.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली. मार्कोस यांच्यासमोर बेनिग्नो यांच्या विधवा पत्नी कोराझोन अक्विनो उभ्या होत्या. हजारो स्वयंसेवकांनी मतपेट्यांवर पहारा दिला. दोनच दिवसांनी मतमोजणीचे काम करणारे संगणक कर्मचारी, आकड्यांत फेरफार होत आहे असे पाहून, काम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी चर्चमध्ये आश्रय घेतला. १३ फेब्रुवारीला बिशपांच्या परिषदेने निःसंदिग्ध निवेदन काढले: लबाडीने मिळविलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, आणि या अन्यायाला अहिंसक मार्गाने विरोध केला पाहिजे.

दूरच्या राजधान्यांत मात्र वेगळेच हिशेब चालू होते. क्लार्क आणि सुबिक येथे अमेरिकेचे मोठे लष्करी तळ होते. उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १९८१ साली मनिलात येऊन मार्कोस यांच्या लोकशाहीनिष्ठेची स्तुती केली होती. निवडणुकीनंतर ११ फेब्रुवारीला अध्यक्ष रेगन यांनी गैरप्रकार दोन्ही बाजूंनी झाले असावेत असे सुचविले. लोक व्यथित झाले. अमेरिकेच्या सिनेटने १९ फेब्रुवारीला ८५ विरुद्ध ९ मतांनी निवडणुकीतील लबाडीचा निषेध केला, तेव्हा त्या देशातही दोन मने आहेत हे दिसले. इकडे सोव्हिएत युनियनच्या राजदूताने मार्कोस यांचे अभिनंदन केले. एरवी एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन महासत्तांना त्या आठवड्यात सामान्य मतदाराचा आवाज सारखाच कमी ऐकू आला.

२२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल रामोस यांनी बंड केले. त्या रात्री कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना त्यांच्या रक्षणासाठी बाहेर पडण्याचे आवाहन केले. लोक आले, लाखोंनी आले. सैन्याची एकेक तुकडी लोकांकडे वळू लागली. त्यानंतर, २४ तारखेला, हिंसेने सत्ता टिकविण्याचा प्रयत्न व्यर्थ असल्याचे वॉशिंग्टनने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्याच हेलिकॉप्टरांतून मार्कोस क्लार्क तळावर आणि तेथून हवाईकडे गेले. दार उघडून देण्याचे काम परकीयांनी केले हे खरे. पण ते दार लोकांनी आधीच ढकलून ठेवले होते.

पुढची कथा सोपी नाही. २२ जानेवारी १९८७ रोजी, नव्या राजवटीतच, जमीन मागण्यासाठी मनिलात आलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तेरा जण मृत्युमुखी पडले. २०२२ साली तर मार्कोस यांचेच पुत्र मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाले. मग एड्सा व्यर्थ गेले काय? तसे म्हणवत नाही. हुकूमशहाला घालविणे हे चार दिवसांचे काम असू शकते. त्याच्या जागी न्याय बसविणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे, आणि ते थांबले की जुने दिवस परततात. गुडघे टेकणाऱ्या त्या भगिनींनी पहिले काम करून दाखविले. दुसरे काम अजून चालू आहे, आणि ते कोणत्याही दूरच्या राजधानीकडे सोपविता येत नाही.