तळटीप १२ : मनगटातली प्लेट

१२. बर्फावर घसरताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार मनगटाजवळच्या रेडियस हाडावर येतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलीस यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ मध्ये केले, तेव्हा एक्स-रे यायला ८१ वर्षे अवकाश होता. साधे फ्रॅक्चर आजही प्लास्टरनेच जुळते. लेखकाच्या हाडाचे मात्र सांध्यापर्यंत तुकडे झाले होते. सांध्याच्या पृष्ठभागात दोन मिलिमीटरची पायरी राहिली, तरी पुढे झिजेचा धोका वाढतो. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग शस्त्रक्रिया. चीर तळहाताच्या बाजूने घेतात, कारण तिथे हाड सपाट असते आणि प्लेट स्नायूखाली झाकली जाते. मायामीच्या होर्हे ऑर्बाय यांनी २०००च्या सुमारास रूढ केलेल्या या पद्धतीत स्क्रूचे डोके प्लेटमध्येच आट्यांनी घट्ट बसते. त्यामुळे ठिसूळ हाडातही तुकडे सरकत नाहीत आणि बोटे लवकर हलवता येतात. प्लेट फार पुढे बसली तर अंगठा वाकवणारी कंडरा घासून तुटू शकते. नीट बसलेली प्लेट काढावी लागतेच असे नाही.

‘कामावर जाताना पडलात का?’ हा वोल्फ्सबुर्गच्या डॉक्टरांचा प्रश्न लेखकाला भोचक वाटला, पण तो तसा नव्हता. जर्मनीत १९२५ पासून कामाच्या वाटेवरचा अपघातही सक्तीच्या अपघात विम्यात येतो, आणि नोकरदारांसाठी त्याची वर्गणी मालक भरतो. मध्येच खासगी खरेदीसाठी वाट वाकडी केली, तर मात्र हे संरक्षण सुटू शकते.