हवाई छत्रीचें कापड आणि ऊन

शहापूर तालुक्यांतील माहुलीचा गड इतिहासांत प्रसिद्ध आहे तो १६३६ सालच्या वेढ्यामुळें. बाल निजामशहाला पाठीशीं घालून शहाजीराजे याच गडावर अखेरपर्यंत झुंजले, आणि मोगल व आदिलशाही फौजांच्या कोंडींत सांपडून येथेंच त्यांना माघार पत्करावी लागली. अलीकडे गडाची कीर्ति निराळ्याच मंडळींत आहे. गडालगतचा वजीर नांवाचा उभा सुळका चढण्यासाठीं गिर्यारोहक आसनगांव स्थानकावर उतरतात. सुळक्याच्या माथ्यावर, खडकांत ठोकलेल्या मेखांना बांधलेले नायलॉनचे पट्टे कित्येकदां मागें राहतात. उतरण्याचा दोर त्यांतूनच ओवलेला असल्यामुळें ते सोडवून आणतां येत नाहींत. पुढच्या हंगामांत येणाऱ्यास पट्टा जागच्या जागीं दिसतो. रंग किंचित् विटलेला, गांठ मात्र घट्ट. तरीही जाणता मनुष्य त्यावर आपला भार टाकीत नाहीं. ऊन-पाऊस खाल्लेल्या त्या पट्ट्यांत किती जीव उरला आहे, हें डोळ्यांना कळत नाहीं.

हा धडा प्रथम शिकावा लागला तो विमानांतून उडी घेणाऱ्यांना. कारण त्यांचा सगळा भरंवसा कापडावरच.

आरंभीं हवाई छत्र्या मुख्यतः रेशमाच्या असत. रेशीम हलकें, लवचीक व बळकट. घडी घातली कीं एवढ्याशा जागेंत मावतें, आणि सोडलें कीं झटकन् फुलतें. परंतु त्याचे शत्रूही पुष्कळ. ऊन त्याला पिवळें व ठिसूळ करतें, घामानें तें कुजतें, कसर त्याला खाते. आपल्याकडील गृहिणींना हें कोणी शिकवावें लागलें नाहीं. पैठणी किंवा सोवळ्याचा मुकटा भर उन्हांत वाळत घालूं नये, हा घराघरांतला दंडक हवाई छत्र्यांच्या किती तरी आधींचा आहे!

१९४१ सालीं जपानशीं युद्ध जुंपलें आणि अमेरिकेला तिकडून येणारें रेशीम बंद झालें. १९३५ मध्यें ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखालीं जन्मलेला आणि तोंवर मुख्यतः स्त्रियांच्या पायमोज्यांत रमलेला नायलॉनचा धागा रणांगणावर आला. ६ जून १९४२ रोजीं ॲडलिन ग्रे या तरुणीनें अमेरिकेंत हार्टफर्ड येथें नायलॉनची छत्री घेऊन विमानांतून उडी मारली. मनुष्यानें या नव्या कापडावर विसंबून घेतलेली ती पहिली उडी होय. नायलॉनला कसर लागत नाहीं, बुरशीही त्याला सहसा खात नाहीं; म्हणून तो अजिंक्य ठरेल असें कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. पण सूर्यानें त्यालाही सोडलें नाहीं. उन्हांतील जे अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहींत, ते धाग्याच्या आंतील रेणूंच्या लांब सांखळ्या तोडीत जातात. कापड विटून दिसण्याच्या आधींच त्याचें बळ घटूं लागलेलें असतें.

हिंदुस्थानांत पहिलें छत्री-ब्रिगेड १९४१ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस उभें राहिलें, आणि कानपूरला छत्र्यांचा सरकारी कारखानाही त्याच सालीं निघाला. मार्च १९४४ मध्यें मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथें हें ब्रिगेड जपान्यांच्या वेढ्यांत सांपडलें. पांचव्या मराठा पलटणीची चौथी बटालियन त्याच्या जोडीला होती. वरून छत्र्यांनीं टाकलेलें पाणी, अन्न व दारूगोळा बराचसा शत्रूच्या बाजूस पडत होता, आणि तहानलेल्या शिपायांना तें उघड्या डोळ्यांनीं पाहावें लागत होतें.

त्या काळांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर छत्र्यांचा इतका दुष्काळ पडला, कीं जनरल स्लिम यांनीं कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. नेहमींच्या छत्रीस वीस पौंडांहून अधिक खर्च येई. ही एका पौंडाच्या आसपास पडे, आणि काम मात्र शंभरांत पंच्याऐंशी हिश्शांनीं तिच्या तोडीचें करी. माणसांसाठीं नव्हे, केवळ सामान टाकण्यासाठीं ती होती. ताग उन्हानें व ओलीनें लवकर हीन होतो खरा. पण एकदां जंगलांत पडल्यावर जी परत यावयाचीच नाहीं, तिला ऊन लागलें काय आणि चिखल लागला काय! युक्ति मोठी नामी, यांत शंका नाहीं.

माणसाच्या छत्रीचें तसें नाहीं. ती पुनःपुन्हा वापरावयाची, आणि दर खेपेस पहिल्या खेपेइतकीच खात्रीची हवी. म्हणून तिच्याभोंवतीं एक शास्त्रच उभें राहिलें. उडी झाली कीं छत्री उन्हांत पसरून ठेवावयाची नाहीं. ताबडतोब गोळा करून पिशवींत घालावयाची. भिजलेली छत्री उंच मनोऱ्याच्या आंत, सावलींत टांगून वाळवावयाची. माती व गवताच्या काड्या झटकून काढावयाच्या, कारण वाळूचा बारीक कण घडींत राहिला तर धाग्यावर करवतीसारखा घांसतो. मळ दिसला म्हणून धुण्याचा मोहही आवरावा लागतो. वारंवार धुण्यानें कापडांतून हवा अधिक झिरपूं लागते व छत्रीचा गुण उतरतो. नायलॉनला आम्लाचें मोठें वावडें, म्हणून गाडीच्या बॅटरीजवळ ती ठेवावयाची नाहीं. मग लांब मेजावर एकेक घडी मोजून घालावयाची, घडी केव्हां घातली याची नोंद करावयाची, आणि अंधाऱ्या, कोरड्या खोलींत ठेवावयाची. कामें सगळीं क्षुल्लक. त्यांतलें एकही वृत्तपत्रांत छापून येण्याजोगें नाहीं.

१९४६ सालीं मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन छत्रीधारी झाली. १९५२ पासून ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून ओळखली जाते. ११ डिसेंबर १९७१ रोजीं याच बटालियननें बांगला देशांत टांगाईलजवळ आकाशांतून उतरून पुंगलीचा पूल काबीज केला व ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडविली. उड्या घेणाऱ्यांच्या शौर्याचें वर्णन पुष्कळ झालें आहे. त्यांच्या छत्र्यांच्या घड्या घालणाऱ्यांचीं नांवें कोणी विचारलीं नाहींत.

हाच नायलॉन युद्धानंतर गिर्यारोहकांच्या दोरांत व पट्ट्यांत आला. शेजारच्या मुरबाड तालुक्यांत बेलपाड्याच्या माथ्यावर हरिश्चंद्रगडाचा जो कोंकणकडा उभा आहे, त्याचें तोंड पश्चिमेला. दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन तेथें थेट खडकावर येतें, आणि खडकावर राहिलेल्या प्रत्येक पट्ट्यावरही. पावसाळ्याचे महिने सोडले तर त्याला विश्रांति नाहीं. म्हणून वजिराच्या माथ्यावर काय किंवा कोंकणकड्यावर काय, अनुभवी मंडळी नवा पट्टा बांधून झाल्यावर जुना सुरीनें कापतात, कीं पुढच्या एखाद्या नवख्यानें चुकून त्यावर विश्वास टाकूं नये; आणि ते तुकडे खिशांत घालून खालीं आणतात.