टेम्पलमधील बॅरिस्टरांची चेंबर्स
बॅरिस्टरांची चेंबर्स म्हणजे भागीदारीची पेढी असे समजू नये. कारण लंडनच्या टेम्पलमध्ये एकाच जिन्यावर पिढ्यानुपिढ्या वकिली करणारे बॅरिस्टर जागेचे भाडे व कारकुनाचा खर्च वाटून घेत असले, तरी प्रत्येकाची मिळकत स्वतंत्र असे, आणि म्हणूनच एकाच चेंबर्समधील दोघे एकाच मुकदम्यात परस्परांविरुद्ध निःसंकोच उभे राहत. दाराशी रंगविलेल्या नामावळीत ज्येष्ठतेचा क्रम कसोशीने पाळला जाई. परंतु या संस्थेचा खरा आधारस्तंभ तो कारकूनच: सॉलिसिटरांकडून गुलाबी फितीने बांधून आलेले कागद स्वीकारणे, गिनींच्या हिशेबात मेहनताना ठरविणे आणि होतकरू तरुणास पहिले काम मिळवून देणे, हे सर्व त्याच्याच हाती असे. बॅरिस्टरास आपल्या फीसाठी फिर्यादच करता येत नसल्यामुळे या माणसाच्या व्यवहारचातुर्यावर कित्येकांचा चरितार्थ अवलंबून राही, आणि चरित्रकारांनी त्याची इतकी उपेक्षा करावी, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. याच टेम्पल परिसरातील, १८९१ साली गांधीजींना बॅरिस्टरी देणाऱ्या इनर टेम्पल या बॅरिस्टरांच्या संस्थेचे सभागृह व ग्रंथालय दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात नष्ट झाले. पुढे ती दोन्ही नव्याने बांधण्यात आली.