घरांतील दप्तर आणि त्याचे शत्रु

पुणें-सोलापूर मार्गावरील पाटस असो वा शिरूर-दौंड भागांतील दुसरें कोणतेंहि गांव असो, गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधून ठेवण्याची पूर्वी वहिवाट होती. त्यास वाळवीचें भय, आगीचें भय, धामधुमीचें तर नित्याचेंच. परंतु त्याचा ताळा परगण्याच्या देशपांड्याकडील दप्तराशीं घालतां येई. एका ठिकाणचें बुडालें म्हणून सर्वस्व बुडत नसे. १९५१ सालीं कुलकर्णी वतनें नष्ट झालीं. पुढें सुमारें चाळीस वर्षांनीं पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत संगणकाच्या रूपानें नवें दप्तर आलें. दुसरी प्रत ठेवण्याची ती जुनी वहिवाट मात्र त्याच्याबरोबर आली नाहीं.

या दप्तराचा शत्रुहि निराळाच निघाला. १९९० च्या जूनमध्यें भारतांत एक संगणक-विषाणु उजेडांत आला. त्याचें नांव ‘जोशी’! विषाणु म्हणजे सजीव वस्तु नव्हे. परक्या यंत्रांत शिरून स्वतःच्या प्रती काढणारी ती एक आज्ञावली. हा जोशी फ्लॉपी नांवाच्या पातळ चकतीच्या आरंभींच्या भागांत दडून बसे. चकती यंत्रांत विसरून राहिली आणि यंत्र सुरू केलें, कीं तो आंत शिरे व पुढें त्या यंत्रांत येणाऱ्या चकत्यांस लागे. दरसाल ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी. ‘हॅपी बर्थडे जोशी’ अशीं अक्षरें टंकलिखित केल्यावांचून सुटका नसे. ही थट्टाच म्हणावयाची. परंतु ६ मार्च १९९२ रोजीं, मायकेलँजेलोच्या जन्मदिनीं, जागा झालेला त्या चित्रकाराच्या नांवाचा विषाणु थट्टेखोर नव्हता. यंत्रांतील तबकडीचा आरंभींचा भागच तो निरर्थक अक्षरांनीं भरून टाकी. स्नेह्यानें विश्वासानें दिलेली चकतीच असा घात करी.

याच सुमारास पुण्याच्या मंगळवार पेठेंत कैलास काटकर यांचें दुरुस्तीचें दुकान होतें. मूळचे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे काटकर मॅट्रिकनंतर शिक्षण सोडून गणकयंत्रें दुरुस्त करूं लागले होते. दुकानांत येणारे कित्येक संगणक मोडलेले नसून विषाणूनें ग्रासलेले असत. धाकटे बंधु संजय हे संगणकशास्त्राचे विद्यार्थी. ते एकेका विषाणूवर उतारा लिहूं लागले. १९९५ सालीं हे उतारे ‘क्विक हील’ या नांवानें बाजारांत आले. परदेशी औषधें होतींच. परंतु येथील घरांत कोणता रोग फिरतो आहे, हें पेठेंतल्या दुरुस्ती करणाऱ्यास जितकें लवकर कळे, तितकें दूरदेशींच्या शास्त्रज्ञास कसें कळावें?

उतारा रोग काढी. पुसलेलें लेखन मात्र त्यानें परत येत नसे. १२ मे २०१७ रोजीं जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’नें तर लेखन जागच्या जागीं कुलुपबंद करून ३०० डॉलरांची खंडणी मागितली. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच दिली होती; ती न बसविलेलीं यंत्रेंच त्याच्या तावडींत सांपडलीं. त्यांतहि ज्यांची दुसरी प्रत यंत्रापासून अलग, कपाटांत होती, त्यांनीं यंत्र पुसून कोरें केलें आणि आपलें लेखन त्यावर पुन्हां उतरवून घेतलें.